डाळिंबी बंपर

लाईन आळी, पनवेल
५ ऑगस्ट २०१२

चि. चारुदत्त यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही, तेव्हा आपला हा कागदाचा व्यवहारच बरा. चेन्नईचं पाणी मानवलं का? केस गळतात म्हणाला होतास.

तुझ्या काकांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. रमाआत्या मदतीला राहिली होती, माझ्या आमटीला नावं ठेवून गेली.

आता गाडीचं. माझ्यामागे गाडी चारूची, असा ह्यांनी शब्द दिला होता. दिवाळीला ये आणि घेऊन जा. बॅटरी उतरेल, आठवड्यातून एकदा सुरू करत जा, असं तूच लिहिलं होतंस. सुरू करू लागले. मग ती नुसती जागच्या जागी घुरघुरताना बघवेना, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलची बाई गाठली आणि खारघरच्या रुंद रस्त्यांवर शिकले. साठाव्या वर्षी लायसन्स मिळालं. भाजीला मात्र चालतच जाते, बाजारात गाडी लावायची कुठे?

आणखी एक. गाडी थोडी नटवली आहे. सुकापूरला नावेदचं फायबरचं वर्कशॉप आहे, त्याचे वडील कमरुद्दीनभाई पूर्वी उरणला होड्या करायचे. त्याच्याकडून बॉडी किट बसवून घेतलं. पुढे जाळीचा मोठा बंपर, बाजूंना खाली स्कर्ट म्हणतात त्या पट्ट्या, मागे डिकीवर पंखासारखा स्पॉयलर. गाडीचा चंदेरी रंग तसाच ठेवला आणि नवे भाग डाळिंबी रंगवले. फोटो सोबत आहे. तुझं कामच गाड्यांच्या डिझाइनचं, तेव्हा कशी दिसते ते कळव.

तब्येतीला जप. इथला आशीर्वाद आहेच.

तुझी,
वसुंधराकाकू


चेन्नई
१४ ऑगस्ट २०१२

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी आहे. मग नंबर वाचला. तू विचारलंस म्हणून लिहितो, रागावू नकोस, पण भयंकर दिसते.

त्या गाडीची गंमतच ही की पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ जाते, कुठे अडत नाही. अकरावीत तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा काकांनी माझा हात धरून ती रेघ दाखवली होती. मी ह्या धंद्यात आलो तो तिच्यामुळे. आता ती बंपरपाशीच अडखळते. त्या बंपरच्या भोकांतून हवा आत जात नाही, कारण आत जायला वाटच नाही. स्पॉयलरचा उपयोग होतो तो ताशी दीडशेच्या पुढे, आणि तू चाळिसाच्या वर जात नसशील. शिवाय पुढा इतका खाली आलाय की प्रत्येक गतिरोधकावर घासत असेल.

काका म्हणायचे, कंपनीने विचार करून दिलंय, त्यात आपण बोट घालू नये. त्यांनी ठेवली तशीच गाडी मला मिळावी, एवढंच मागतो. मी येण्याआधी ते किट काढून घे. नावेदने जुने बंपर फेकले नसतील अशी आशा आहे.

केस अजून गळतात. तुझ्या आमटीची आठवण येते. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
चारू


लाईन आळी, पनवेल
२ सप्टेंबर २०१२

चि. चारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. भोकांतून हवा जात नाही म्हणतोस. कुड्या घालून मला तरी कुठे जास्त ऐकू येतं? छान दिसतात म्हणून घालायच्या. आणि घासते म्हणशील, तर घासते. ओवे गावाच्या रस्त्यावर पुढची कड तुटली होती, नावेदने थर देऊन सांधली.

पण ह्यांचा शब्द होता आणि गाडी तुझी, म्हणून गेले सुकापूरला. जुने बंपर नावेदने माळ्यावर जपून ठेवले होते. मावशी, एवढ्या शौकने लावलंत, आता काढता कशाला, असं तो कुरकुरला. मी म्हटलं, मालक नको म्हणतोय. कमरुद्दीनभाईंनी विचारलं, मालक कोण? मी तुझं नाव सांगितलं.

दुपारपर्यंत गाडी पहिल्यासारखी झाली. खरं सांगते, देखणी दिसत होती. नावेदने किल्ली माझ्या हातात दिली आणि मी सवयीने जाऊन डाव्या दाराशी उभी राहिले. तशीच उभी होते. शेवटी त्यानेच हळूच विचारलं की मावशी, चालवणार कोण?

चारू, मला तिथेच रडू आलं. बारा वर्षं मी त्या दाराशी उभी राहत आले. हे आधी फडक्याने सीट पुसायचे, मग मला आत घ्यायचे. वाईट नव्हते रे ते, माझ्यावर जीव होता त्यांचा. पण ह्या घरात पडद्यांपासून बादलीच्या रंगापर्यंत सगळं त्यांनी निवडलं, आणि चांगलंच निवडलं, त्यामुळे मला कधी तक्रारही करता आली नाही. कुणालाही न विचारता मी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे तो डाळिंबी बंपर.

किट परत बसवून घेतलं. आणि गाडी मी तुला देणार नाही. ह्यांचा शब्द मोडते आहे, हे मला कळतं, आणि त्याचं वाईटही वाटतं. तू रागावशील, तो राग मी सोसेन.

केसांना खोबरेल तेल लाव. राग गेला की दोन ओळी टाक.

तुझी,
काकू


चेन्नई
२४ सप्टेंबर २०१२

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी लिहिलेलं पत्र फाडलं. त्यात मी फक्त भांडलो होतो. गाडी येणार म्हणून ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो, घरमालकाकडून खाली जागाही मागून घेतली होती. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

पण डाव्या दाराचं पुन्हा वाचलं आणि भांडण पुढे रेटवेना. मी मागच्या सीटवर कोंबलेला असायचो आणि तू पुढे मुकाट बसलेली. तुला काय वाटत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. खरं सांगू का, मला गाडीपेक्षा काका हवे होते. ती जशीच्या तशी राहिली तर तेही थोडे राहतील, असं वाटत होतं.

गाडी तूच ठेव. आवडीच्या बाबतीत मात्र मी माघार घेतलेली नाही. ते किट वाईटच आहे. म्हणून एक चित्र काढून पाठवतो. पुढचा बंपर थोडा वर घेतलाय, खोटी भोकं काढून टाकली, स्पॉयलर अगदी बोटभर. रंग तुझाच, डाळिंबी. मापं लिहिली आहेत, नावेदला सहज जमेल. म्हणजे गाडी तुझी आणि रेघ काकांची.

तेल आणलंय, पण लावायचं राहून जातं. माझ्यावर रुसू नकोस.

तुझा,
चारू


लाईन आळी, पनवेल
७ ऑक्टोबर २०१२

चि. चारूस,
अ. उ. आ.

चित्र मिळालं, ते घेऊन लगेच सुकापूरला गेले. नावेद मापं बघून म्हणाला की हा पोरगा आमच्या लाइनीत यायला पाहिजे होता. कमरुद्दीनभाई तर चष्मा लावून बघत बसले. असा पुढा होडीला दिला तर पाणी कसं कापत जाईल, असं म्हणाले. दोघांनाही ते लगेच करायला घ्यायचं होतं.

मी मात्र ते घरी आणलं आणि टेबलावर ठेवून पुष्कळ वेळ पाहिलं. फार सुंदर काढलंयस. तुझ्या काकांना ते अगदी पसंत पडलं असतं.

म्हणून बसवणार नाही.

मन दुखवून घेऊ नकोस. तुझी आवड चांगली आहे, त्यांचीही होती. माझी वाईट असेल, पण आता काही वर्षं तिचं चालू दे.

दिवाळीला ये. गाडी न्यायला नव्हे, मला भेटायला. एस.टी. स्टँडवर घ्यायला मीच येईन, रिक्षा करू नकोस. चारचौघांत माझ्या गाडीत बसायची लाज वाटली, तरी बसायचं.

माझा लोभ आवडीनिवडीवर ठरत नाही, तेव्हा तो आहेच.

तुझी,
काकू