मातीच्या फौजेतला सुखदेव

खामगाव, २० ऑक्टोबर १९६२
आज सुनेकडे पोचलो. जलंबला गाडी बदलताना वळकटी मागे राहते की काय, या धास्तीने जीव अर्धा झाला. राहिली नाही. माझा मुलगा सुखदेव पलटणीत गेल्यापासून आशाबाई एकटीच असते. घरमालकीण झुंबरबाई कुंभारीण. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी ओसरीभर मातीचे शिपाई वाळत घातले आहेत. मी रंगवायला बसलो. फार बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर
रंगवता रंगवता शिपायांना नावं देतो, हकिगती रचतो. लाल फेट्याचे महादेवराव धाड गावच्या बाजारात हरवलेला बैल शोधायला निघाले आणि फौजेत भरती झाले. मिशीवाले नारायणराव तोफेला भीत नाहीत, बायकोला भितात. दुपारी पाटावर दोन फौजा मांडून मी आणि झुंबरबाई कवड्या टाकतो. दान पडेल तसा शिपाई पुढे. माझेच हरतात. बाई म्हणाल्या, "काऊन हो दादा, तुमची फौज लढाले आली का झोपाले?" आशाबाई पदराआड हसली.

२४ ऑक्टोबर
नवी नावं सुचेनात. म्हणून एकाला गावाकडच्या माझ्या दोस्ताचं, रंगरावाचं नाव दिलं. विहिरीत पडून डावा पाय मोडला तरी लढतो, अशी हकिगत रचली. एक उंच, सावळा शिपाई होता. त्याला सुखदेव म्हटलं. त्याची हकिगत काही रचली नाही. नुसता हातात धरून बसलो. हॉटेलातला रेडिओ चीनच्या लढाईचं सांगतो. सुखदेव तिकडेच, नेफात सरहद्दीवर आहे.

२६ ऑक्टोबर
गावाहून माणूस आला. रंगराव विहिरीत पडला. डावा पाय मोडला.
ओसरीवर धावलो. मातीच्या रंगरावाचा डावा पाय गुडघ्यातून तुटलेला. कोणी हात लावला नव्हता.
सुखदेवला तडा गेला तर? चिंधीत गुंडाळला, तरी चैन पडेना. झुंबरबाईंच्या देवघरात घोडेस्वार उठवलेले चांदीचे टाक आहेत. खंडोबाच. त्यांच्यात नेऊन उभा केला. देव सांभाळील.

२७ ऑक्टोबर
पूजेला बसलेल्या झुंबरबाई ओरडल्या. "अवो दादा, हा खंडोबा नोहे! हे आमच्या घरचे मेलेले वीर. जित्या माणसाले त्यायच्या पंगतीत काऊन बसोलं?"
आमच्या घरात वीराचा टाक कधी नव्हता. मला काय ठाऊक—
आशाबाई भिंतीला टेकून कपाळावरचं कुंकू चाचपत राहिली.
सुखदेवला उचलायला गेलो. उचलला जात नाही. टाकांची तोंडं त्याच्याकडे वळली आहेत. काल समोर होती.

२८ ऑक्टोबर
दिवाळी. घरात दिवा लावायला कोणाचा हात उठला नाही.
त्याचे पाय चांदीचे झाले आहेत. गुडघ्यापर्यंत.

दुपार
कमरेपर्यंत. झुंबरबाईंनी अंगारा लावला, नारळ फोडला. काही नाही.

संध्याकाळ
छातीपर्यंत. हात तेवढे मातीचे, अजून ऊन. त्याने माझी करंगळी धरली आहे. लहानपणी बाजारात धरायचा तशी. डाव्या हाताने लिहितो आहे.
आशाबाई म्हणते, ओढा मामाजी. ओढला तर हात तुटेल— रंगरावाचा पाय— नाही ओढला तर—
चांदी मनगटापर्यंत आली. आशाबाईच ओढायला धावली.
ओढू नको पोरी. तोच सोडतो आहे. सुखदेव, धर बाबा, अजून थोडं—