पाय जुळवून

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा! माळावरच्या या सोलर प्लांटचा राखणदार, मिस्त्री आणि खरं सांगायचं तर मालकही आता मीच. कागदोपत्री मालक दुसरा आहे, पण तो राहतो शहरात. सकाळी इन्व्हर्टर जागा होतो तो माझ्यासमोर.

खोली एकच, पण नेटकी. पत्र्याचं छप्पर, लोखंडी चौकट, लोखंडी खाट, कोपऱ्यात मोरी आणि नळ. दाराबाहेर मुरमाचं अंगण, त्यापलीकडे जाळीचं कुंपण आणि लोखंडी फाटक. डाव्या हाताला पॅनलच्या रांगा, त्यांच्या मधोमध वीज झेलायला उभा केलेला उंच खांब. खांबाच्या पायाशी एक छोटं यंत्र आहे. वीज पडली की त्यातला आकडा एकाने पुढे जातो.

पाण्याच्या टँकरवाल्याने आणून सोडलं. बडबड्या माणूस. माझ्या आधीच्या राखणदाराला सगळे बेडूकराव म्हणत, कारण बुवा अंगणात चालायचेच नाहीत, दोन्ही पाय जुळवून उड्या मारायचे. टँकरवाल्याने उडी मारून दाखवली. पोट धरधरून हसलो. बेडूकराव म्हणायचे म्हणे, इथे वीज पडत नाही, मुक्कामाला येते. म्हातारपणी माणसाचं डोकं असं सैल होतं. शेवटी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला.

मंगळवार, ४ तारीख

आज सगळं स्वतः तपासलं. दुसऱ्याने तपासलेलं मला पटत नाही. पंचवीस वर्षं झाली, एकही वर्ग न करता, उघडून, जाळून, पुन्हा जोडून शिकलोय.

इन्व्हर्टरशेजारच्या पेटीत सर्ज प्रोटेक्टर ओळीने बसवलेत. तारेतून जादा दाब आला की तो हे स्वतःच्या अंगावर घेतात आणि मरतात. प्रत्येकाला नखाएवढी खिडकी: जिवंत असेल तर हिरवी, मेला की लाल. सगळे हिरवे आहेत.

पण बेडूकरावांची कारागिरी बघून हात जोडले. खाटेला तांब्याची पट्टी, नळाला पट्टी, चौकटीला, खिडकीच्या गजांना, अगदी कपडे टांगायच्या खिळ्यालाही! त्या सगळ्या एका जाड पट्टीला जोडलेल्या, आणि ती उंबऱ्याखालून बाहेर जाऊन थेट खांबाच्या अर्थिंगला आणि फाटकाला मिळालेली. म्हणजे खांबावर वीज पडली की आमंत्रण थेट खाटेपर्यंत!

मेहुण्याला फोन केला. पदवीवाला तो. म्हणाला, दाजी, तसंच असतं, सगळ्या अर्थिंग एकत्र बांधायच्या म्हणजे दाब सगळीकडे सारखाच चढतो आणि मधल्या माणसाला काही होत नाही. हात लावू नका. मी म्हटलं, गटाराचं पाणी कोणी स्वयंपाकघरातून नेतं का? आणि फोन ठेवला.

हिच्याशीही बोललो. अजून यायला कां-कूं करतेय. एकटं माळरान, त्यात धड दिसत नाही म्हणते. चष्मा आहे, पण तो कायम पर्समध्ये. चारचौघांत लावला की म्हातारी दिसते म्हणे.

गुरुवार, ६ तारीख

खोलीची अर्थिंग वेगळी केली. उंबऱ्याशी जाड पट्टी कापली, खोलीसाठी मागच्या बाजूला स्वतंत्र खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून रॉड पुरला. विजेची वाट वेगळी, माणसाची वेगळी. बेडूकरावांच्या पट्ट्या सोडवून नीट गुंडाळून ठेवल्या. खोली मोकळी दिसायला लागली.

रोज एक पिवळा कुत्रा येतो, रांगांमधून फेरी मारतो, पॅनलच्या प्रत्येक पायाशी थांबून पुढे जातो. टँकरवाल्याने त्याला मुकादम नाव ठेवलंय. आज त्याला पोळी दिली. माझं काम पसंत पडलेलं दिसलं.

रविवार, ९ तारीख

काल भर दुपारी वीज पडली. बरोबर खांबावर. कानठळ्या बसल्या, पण खोलीत काही नाही, पॅनल शाबूत, इन्व्हर्टर चालू. यंत्रातला आकडा एकाने पुढे. मेहुण्याने बघायला हवं होतं! एवढंच की चार्जिंगला लावलेला फोन जळाला आणि नेटचा डबाही.

आज टँकरवाला आला. कुंपणाबाहेरूनच टाकीत पाइप सोडतो, आत येत नाही. त्याच्याकडे हिला निरोप दिला की सगळं झकास आहे, काही भीती नाही, पुढच्या रविवारी याच्याच गाडीतून निघून ये. तो म्हणाला, वहिनींना फाटकापर्यंत सोडतो, काळजी सोडा.

निरोप देऊन परतताना उंबऱ्यात पोटरीला चमक आली. वय झालं.

मंगळवार, ११ तारीख

आकाश निरभ्र. तरी पेटीतली पहिली खिडकी लाल झालीय.

माल खराब निघाला असेल. बदलला. तासाभरात नवाही लाल. मग शेजारचा. मुख्य स्वीच बंद केला, पॅनलच्या तारा सोडवल्या. आता पेटीत येण्यासारखं काहीच नाही, तरी तिसरा माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला.

उंबऱ्यात पुन्हा चमक. ही पोटरीची नव्हे, ही मी ओळखतो. मीटरचं एक टोक खोलीतल्या फरशीला लावलं, दुसरं अंगणात टेकवलं. काटा हलला. खोली आणि अंगण दोन वेगळ्या दाबांवर आहेत. एक पाय आत, एक बाहेर, की मधली तार म्हणजे माझे पाय.

खांबाच्या यंत्रात आकडा आणखी पुढे गेलाय. अंगणात न उतरता, रांगा बघायच्या दुर्बिणीतून वाचला. ढग नाही, आवाज नाही, पण मोजतंय.

बुधवार, १२ तारीख

मुकादम गेला.

सकाळी नेहमीसारखा फाटकाच्या फटीतून आला. अंगणाच्या मध्यावर पोचला आणि चारही पाय ताठ. ओरडलाही नाही. पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर जास्त, म्हणून त्याला आधी लागलं. आता उंबऱ्यापाशीच नाही, अंगणातसुद्धा एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत दाब बदलतोय.

परवापर्यंत मी या अंगणात चालत होतो. बेडूकराव कधीच चालले नाहीत.

दुपारी नळाला हात लावणार होतो. नळाचा पाइप बाहेरच्या टाकीतून येतो. हात वरच्या वर थांबला. अंगावरचे केस उभे, नळाच्या दिशेने वाकलेले.

माठ अर्धा आहे.

गुरुवार, १३ तारीख

पट्टी पुन्हा जोडायची. साधं काम आहे. एक टोक खोलीत, दुसरं उंबऱ्याबाहेर, मध्ये एक नट-बोल्ट. एवढंच.

कोरड्या बांबूला बांधून खोलीतलं टोक बाहेरच्या टोकाकडे नेलं. वीतभर अंतर असतानाच निळी ठिणगी. पट्टी मेणासारखी वितळली. दुसरी नेली, तिसरी नेली. बेडूकरावांनी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं तांबं एका सकाळी संपलं. कापलेल्या दोन टोकांमध्ये अजून तेवढीच जागा आहे.

जोड लवकर करायचा असतो. मुक्कामाला आलेली वीज रोज थोडी थोडी निघून जावी, म्हणून त्या पट्ट्या होत्या. मी तिची जायची वाट कापली. आता ती साठतेय.

शुक्रवार, १४ तारीख

मागची खिडकी – गज. हात लावून पाहिला नाही, मीटरनेच नको म्हटलं. भिंत फोडावी तर पलीकडे तीच जमीन.

खाटेवर पाय वर घेऊन बसलोय. आता फरशीसुद्धा बारीक भुणभुणते.

फोन नाही. परवा ही येणार. मीच बोलावलंय. झकास आहे म्हणून.

शनिवार, १५ तारीख

फाटक खांबाच्या अर्थिंगला जोडलेलं आहे. ती बाहेर उभी राहील आणि कडीला हात लावेल –

उंबरा ओलांडायचा प्रयत्न केला. लाकडी पाटावरून. पाटासकट फेकला गेलो, आतच. जीभ दातांत सापडली. आता सुजलीय, तोंडात मावत नाही. ओरडून पाहिलं. आवाज निघतो, शब्द निघत नाही.

पाट चुकीचा. चालायचंच नाही. एकदम दोन्ही पाय उचलायचे. उडीत असताना माणूस कुठल्याच जमिनीचा नसतो.

माझा गुडघा आधीच दुखरा. पण जमेल.

रविवार, १६ तारीख

गाडीचा आवाज आला. ही वही खिशात घालून उडी मारली.

बाहेर आहे. जिवंत. बेडूकराव दुसरे!

पाय जुळवून, एक-एक वीत. मुकादमच्या पलीकडे पोचलो आणि गुडघा संपला. आता उडी नाही. पडलो तर हात टेकतील. म्हणून फक्त उभा.

टँकर वळून टाकीकडे गेला. ती उतरलीय. निळी साडी. हातात पिशवी. मला बघून हसतेय. उड्या मारताना पाहिलं वाटतं. हसतेय आणि हात हलवतेय.

ओरडलो. तिला वाटलं ये म्हणतोय.

मागचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, फाटकाला हात लावू नकोस. डोक्यावर धरलंय डाव्या हातात, उजव्याने हे, वही छातीशी. हात खाली आला तर – नाही, धरून आहे.

डोळे बारीक करून बघतेय. दिसत नाही तिला.

चष्मा. अगं पर्समध्ये चष्मा –

वाचायला जवळ येतेय. पिशवी खाली ठेवली. अगं तिथूनच, तिथूनच वाच, चष्मा काढ आधी, कडीला नको –