फलाटावरची बाग आणि माझा अर्ज

२ जून १९८०
दिला एकदाचा अर्ज! विनंती बदली, कुर्डुवाडी. आई तिथे एकटी, डोळ्यांना कमी दिसतं, आणि इकडे यायचं नाव काढत नाही. "माझी खोली सोडून म्या कुटं यायची न्हाई." मग मीच जाते. स्टेशनमास्तर सही करताना म्हणाले, "दुसऱ्या डिव्हिजनला बदली म्हणजे तीन-चार वर्षं विसरा, प्रभावतीबाई."

कशी विसरू? हे गेल्यावर त्यांच्या जागी मला नोकरी लागली, त्याला दोन वर्षं झाली. तिकीट खिडकीतून नुसते हात दिसतात. या चिंचवडात माझं आहे कोण?

१९ जून
फलाटाच्या टोकाला, जिथे लोक पान खाऊन थुंकतात, तिथे आज सहा-सात कंपनीवाले कुदळी घेऊन हजर. बाग करणार म्हणे! पुढारी साहेबराव, फर्स्ट शिफ्टचे फिटर. आवाज असा की गाडीला शिट्टी नको. मास्तरांनी परवानगी दिली, वर मला हुकूम – "तुमच्या तिकीट-ऑफिसच्या दाराजवळचा नळ वापरू द्या." म्हणजे चिखल माझ्या दारात!

३ जुलै
चिखल झालाच. चांगली भांडले. साहेबराव शांतपणे ऐकून घेऊन गेले आणि संध्याकाळी दारात गोणपाट आणून टाकलं. "जय भीम ताई, आता पाय पुसा." यावर काय भांडायचं?

२८ ऑगस्ट
कर्दळ फुलली. सेकंड शिफ्टचे बबनराव तिकीट घेताना खाली वाकले, सबंध चेहरा खिडकीत. "ताई, ती लाल बघितली का?" बघितली होती. सकाळपासून तीनदा. सांगितलं मात्र नाही.

१४ ऑक्टोबर
शेवंती पिवळी पडत चाललीय. सगळे हवालदिल. साहेबराव म्हणतात खत कमी, बबनराव म्हणतात पाणी कमी.

१७ ऑक्टोबर
शोध लागला! आज दिवसभर दार उघडं ठेवून बसले होते. सकाळी सहाला फर्स्टवाले आले, पाणी घातलं. साडेसातला नाइटवाले घरी जाताना आले – "फर्स्टवाले कसले घालतात!" – यांनीही घातलं. दुपारी बबनराव आणि मंडळी आली – "त्या दोघांचा काय भरवसा!" – पुन्हा घातलं. कंपनीत एक पाळी दुसरीला कामचुकार म्हणते, तेच इथे. तीन पाळ्यांनी मिळून बिचारीला बुडवली.

२० ऑक्टोबर
साहेबरावांनी कंपनीची अक्कल लावली. पत्र्याचा बिल्ला केला. पाणी घालेल त्याने खिळ्याला अडकवायचा. बिल्ला अडकलेला दिसला तरी बबनरावांनी पाणी घातलंच. "बिल्ला काय, कुणीबी अडकवतो."

११ नोव्हेंबर
आई आली! चारच दिवस, डोळे दाखवायला. उतरताच पहिला प्रश्न – परतीची गाडी कधी.

१३ नोव्हेंबर
मोतीबिंदू आहे. फेब्रुवारीत ऑपरेशन. आई जेवेना. म्हणून ड्युटीवर बरोबर नेली, बागेजवळच्या बाकावर बसवली. दुपारी बबनराव झारी घेऊन आले तशी ओरडली, "आरं थांब! बोट घाल की मातीत! मला दिसंना, तुमास्नी बी दिसंना व्हय?" स्वतः चाचपडत उठली, शेवंतीच्या मुळाशी बोट खुपसलं. "वल्ली हाय. चल, फूट."

खिडकीत बसून इतकी हसले की लोणावळ्याच्या तिकिटाला तळेगावचं दिलं. ते गृहस्थ चिडले. चिडू देत.

७ डिसेंबर
चार दिवसांचा महिना होत आला. आई रोज डबा बांधून माझ्याबरोबर निघते. तिन्ही शिफ्टचे लोक विचारतात, "केसरमावशी, टाकू का पाणी?" साहेबराव तिला सुपरवायझर म्हणतात. शेवंतीला नवे धुमारे आलेत. आईलाही, असं म्हटलं तरी चालेल. रात्री माझ्याआधी झोपते, घोरते सुद्धा. किती दिवसांनी घरात कुणीतरी घोरतंय. मला फार बरं वाटतं.

अर्जाचं तिला बोलले नाही. काढून घ्यावा. पण मास्तर म्हणतील, बाईचं एक मन नाही. आणि घाई काय आहे, तीन-चार वर्षं आहेतच.

२९ डिसेंबर
आई बबनरावांबरोबर कुर्डुवाडीला जाऊन आली. ट्रंक, पाटा-वरवंटा सगळं घेऊन! खोली सोडली. "म्या आता हितंच. तिथं मला हाक मारायला कोन हुतं?" ऐकून रडूच आलं. वर्षानुवर्षं विनवलं तेव्हा नाही, आणि आता झाडांसाठी आली! माझ्यासाठीही असेल थोडी. उद्या अर्ज मागे घेते. नक्की.

३० डिसेंबर
मास्तर रजेवर. सोमवारी येतील.

५ जानेवारी १९८१
सोमवार. मास्तरांना दुपारी सांगू म्हटलं. दुपारी ट्रेमध्ये पाकीट होतं. विनंती बदली मंजूर – सात महिन्यांत! कुर्डुवाडी, पंधरा दिवसांत हजर व्हावे. मास्तर पेढे मागत होते.

आई खिडकीपाशी आली. "तिकिटं झाली असली तर ये गं. गुलाबाला कळी हाताला लागलीया."

आले म्हटलं.