केबल कुणी पिळली?

४ मार्च, सोमवार. सकाळ.
ही बहिणीकडे निघून गेली. कारण, केबल. फोन चार्ज होईना, तर मी एवढंच म्हणालो की तू ओढून, पिळून तिची वाट लावलीस. एवढंच! (आवाज जरा चढला असेल.) दारातून म्हणाली, संध्याकाळी फोन करते, नीट बोलणार असशील तर उचल. उचलणार. पण माफी मागणार नाही. अठरा वर्षं शाळेत वीज शिकवतोय. केबल कशाने मरते ते मला कळतं.

संध्याकाळी ७.१०
चार टक्के. केबल डावीकडे वाकवून वर साखरेचा डबा ठेवला की चार्ज होतं. शास्त्रीय उपाय.

७.४०
डबा घसरला. फोन बंद.

५ मार्च
नवी केबल आणली. दुकानदार म्हणाला, हत्ती बांधला तरी तुटणार नाही. मला हत्ती बांधायचा नाहीये. चार्ज होत नाही. केबल बोगस. दुकानदार त्याहून.

६ मार्च
स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंची केबल मागितली. तीही खराब. त्यांचा फोन तिच्यावर झकास चार्ज होतो, हा योगायोग.
दुपारी शिपाईमामा निरोप घेऊन वर्गात आले. हॉस्टेलवरून मुलीचा ऑफिसात फोन आला होता: आई सारखी लावतेय, बाबांनी मुद्दाम बंद ठेवलाय का? मुद्दाम! मी! ऑफिसातूनच हिला लावायला धावलो. नंबर पाठ नाही. तेवीस वर्षांचा संसार, आणि नंबर फोनमध्ये. मुलीचाही फोनमध्येच.

७ मार्च
तासभर केबल अंगठ्याने दाबून बसलो. श्वास रोखून. फोन सुरू झाला! दोन टक्के. हिचे अकरा मिस्ड कॉल. नंबर लावायला अंगठा उचलला, फोन विझला.
जेवलो नाही. रडलो. पाच मिनिटं. (वीस.)

८ मार्च
मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला तिन्ही केबलींचे दोष समजावून सांगितले. त्याने मान हलवली आणि टाचणीने फोनचं चार्जिंगचं भोक कोरलं. कापसाचा बोळा निघाला. म्हणाला, फोन शर्टाच्या खिशात ठेवता ना? ठेवतो. मग त्याने जुनीच केबल लावली, हिने पिळलेली. टक्के भराभर चढायला लागले. मला तिथे उभं राहवेना.

९ मार्च, शनिवार
शंभर टक्के. फोन न करायला आता काही कारण नाही. आरशासमोर 'चुकलं माझं' सहा वेळा म्हणून पाहिलं. उत्तम जमतंय.

११.१५
लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने. मी म्हणालो, चार्जिंग आता नीट होतंय. ती म्हणाली, बरं. आणि ठेवून दिला.

११.२०
नव्व्याण्णव टक्के.