व्हर्नाबाईंनी ‘हो’ म्हटलं नव्हतं

३ मार्च
आले एकदाची! केंटकीच्या डोंगरांच्या बेचक्यात दडलेलं ब्लेअर फोर्क. गाव कसलं, एक लांबलचक रस्ताच. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. नोटरीचा नवा शिक्का उगीचच दोनदा उमटवून पाहिला. मालक ओटिसला माझं काम सांगितलं: कर्जाचे कागद लोकांच्या घरी न्यायचे, ओळखपत्र बघायचं, राजीखुशीनं सही करताय ना विचारायचं, शिक्का मारायचा. कागदात काय आहे ते समजावायचं नाही, तो अधिकार वकिलाचा. म्हातारा खो-खो हसला. म्हणाला, “म्हणजे पाद्र्याचंच काम की, आर्लीनबाई! लग्न लावायचं, नवरा कसाय ते बोलायचं नाही.”

९ मार्च, शनिवार
आज लिक ब्रांच नावाच्या वस्तीवर व्हर्ना स्टिडम यांच्याकडे गेले होते. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू. घर गहाण, नाव छपराच्या दुरुस्तीचं, पैसा जावयाच्या ट्रकला. जावई डॉइल शेजारी पाय पसरून बसलेला. बाईंनी हळूच विचारलं, “पोरी, हप्ते थकले तर घर जातं का गं?”
जातं. सिनसिनाटीत माझं तसंच गेलं. मी म्हणाले, ते कर्ज देणाऱ्यांना विचारा. शनिवारी तिथं फोन कोण उचलणार!
मग राजीखुशीचा प्रश्न. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. “हो म्हणतेय ती,” डॉइल म्हणाला.
त्या काहीच बोलल्या नव्हत्या. अशा वेळी कागद गोळा करून निघून जाणं, तेवढा अधिकार मला होता. अख्ख्या कामात तेवढाच. मी शिक्का मारला.

११ मार्च
दुपारी व्हर्नाबाईंचा फोन. “पोरी, ते सगळं मोडता येतं का?” येतं. बुधवारपर्यंत मुदत आहे, तसं पानच आहे त्यांच्या कागदांत. पान कुठलं ते सांगणं नियमातही बसतं. पण मला कामं देणाऱ्या कंपनीची भीती. वकिलाला विचारा, म्हणाले. बाईंनी आभार मानले.

१६ मार्च
व्हर्नाबाई गुरुवारी गेल्या. कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेल्या सापडल्या. चर्चमध्ये मातीनंतर जेवण होतं, घेवडा आणि मक्याचा पाव. डॉइल ताट घेऊन जवळ आला. “तुम्ही कामाच्या बाई. बाकीच्या फार बडबड करतात.”
ताट तसंच ठेवून मी निघाले.

२२ एप्रिल
भर दुपारी फोन वाजला. “पोरी, ते मोडता येतं का?”
तोच आवाज. मी फोन आपटला. टेलिफोनवाल्यांनी सांगितलं, व्हर्नाबाईंची लाइन मार्चातच बंद झाली.

९ जून
माझा फोन काढून टाकला. आज एका जोडप्याच्या सह्या चालू असताना त्यांच्या भिंतीवरचा फोन वाजला. बाईनं उचलला, माझ्यापुढं धरला. म्हणाली, तुमच्यासाठी आहे. कुणी म्हातारी आहे.

३० ऑगस्ट
आज एका आजोबांकडे. उत्तरं सगळी मुलगाच देत होता. मी कागद गुंडाळले, निघाले. मुलगा अंगणभर शिव्या देत मागं आला. आजोबासुद्धा म्हणाले, “हिला काय पडलंय मधेच?” कंपनीनं यादीतून माझं नाव काढून टाकलं.
वाटलं होतं, आता तरी ते फोन थांबतील.

१४ जानेवारी
डॉइलनं हप्ते कधीच भरले नव्हते म्हणे. कोर्टाच्या पायऱ्यांवर आज लिक ब्रांचच्या घराचा लिलाव झाला. ट्रक घेऊन तो टेनेसीत.
खाली दुकानात फोन. ओटिसनं हाक मारली. गेले. मोडता येतं का, तेच. मी ओरडले— सगळं सांगितलं. मुदत होती, व्हर्नाबाई. मोडता येत होतं. आता नाही. घर गेलं तुमचं.
मग, अगदी साधेपणानं—
“मग मी राहू कुठं, पोरी?”

१५ जानेवारी
फोन गप्प. ओटिस विचारत होता, वर कुणी पाहुणी आलीय का. खुर्ची ओढल्याचा आवाज येतो म्हणे.
मी तर दिवसभर बाहेर—

१६ जानेवारी
चुलीवर घेवडा शिजतोय. मी टाकलेला नाही.

१७
सामान भरलं. दाराशी गेले. दार दिसतं, पण हात— कडी हाताला लागत नाही—
आतल्या खोलीत आहे ती. उशी झटकतेय.
म्हणाले, व्हर्नाबाई, इथं खाट एकच आहे हो—
म्हणते, पुरेल की गं दोघींना—