फोटोतला कोट

प्रिय बाबा,

समोर बसून बोलायचं धाडस होत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही दुकानात गेला आहात, आई वरच्या खोलीत माझी बॅग तिसऱ्यांदा उपसून पुन्हा भरते आहे. हे पत्र तुमच्या टेबलावर दोन किलोच्या वजनाखाली ठेवीन. तिथला कागद वाचल्याशिवाय तुम्ही हलवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकच विनंती, शेवटपर्यंत वाचा. राग आला की तुमचा आधी चष्मा निघतो. आज तो काढू नका.

मंगळवारची सकाळ आठवते ना? माझी व्हिसाची मुलाखत होती, आणि सोबत कोण येणार यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. तुम्ही सरळ तो तपकिरी कोट घालून बाहेर आलात. माझ्या लग्नासाठी म्हणून हौसेनं शिवून घेतलेला, आणि लग्नाच्या दिवशी कपाटातच राहिलेला कोट. 'आज पहिल्यांदाच घडी मोडतोय याची,' असं तुम्ही आईला म्हणालात. आई चहाच्या कपात बघत राहिली. मी कोटाकडे बघायचं टाळून चपला शोधू लागले, आणि तुम्हाला वाटलं मुलाखतीची भीती आहे. गाडीत बसेपर्यंत तुम्ही मला धीर देत होतात.

तुम्ही लग्नाला आला नाहीत, याचं मी तोवर स्वतःशी पुष्कळ भांडवल केलं होतं. तुमचे जावई तुम्हाला भेटायला दुकानात आले, तेव्हा तुम्ही त्यांना गिऱ्हाइकांच्या बाकावर तासभर बसवून ठेवलंत आणि मग एवढंच म्हणालात की इतक्या लांब मुलगी द्यायला मला जमणार नाही. मीही तुमचीच मुलगी, हट्टाला पेटले. नोंदणी कचेरीत चार सह्या करून मोकळी झाले. त्या दिवशी तुम्ही मंडईतले वजनकाटे तपासायला गेला होतात आणि म्हणे एकाच काट्याशी दुपारपर्यंत बसून होतात. त्यानंतर दीड वर्ष तुम्ही मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारलीत. लहानपणी मी तुमच्या दुकानात सदा कुठेतरी चिकटलेली असायचे, म्हणून तुम्ही मला पासंग म्हणायचात. एक पारडं हलकं पडलं की त्याला लावतात तो बारीकसा तुकडा. ते नाव त्या दीड वर्षात बंद झालं होतं. ते परत यावं यासाठी मी काय दिलं असतं, सांगता येत नाही.

आणि ते परत आलं ते नेमकं वकिलातीच्या फाटकाशी. पहारेकऱ्यानं पिशवी आणि फोन आत न्यायला मनाई केली. मी कागदांची एक फाईल उचलली, फोन तुमच्या खिशात टाकला आणि तोंड बांधून पिशवी तुमच्याकडे दिली. तुम्ही ती दोन्ही हातांनी छातीशी धरलीत, जणू आत काचेचं काहीतरी होतं, आणि म्हणालात, 'जा पासंग, घाबरू नकोस. विचारतील ते खरं सांग, म्हणजे लक्षात ठेवायची कटकट नाही.' समोरच्या बुटक्या भिंतीवर तुम्ही जाऊन बसलात. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तुम्ही कोटाची बटणं लावत होतात. ऊन केवढं होतं!

आत ओळीनं खिडक्या होत्या, प्रत्येकीला जाड काच. माझ्या खिडकीत एक तरुण अधिकारी आणि त्याच्या शेजारी एक दुभाषी बाई. नवऱ्याची जन्मतारीख, तो कुठे काम करतो, आम्ही पहिल्यांदा कुठे भेटलो, तो शेवटचा घरी कधी आला, सगळं घडाघडा सांगितलं. बाई तर हसून म्हणाल्या की पाठ करून आलात वाटतं. मग त्या अधिकाऱ्यानं फाईलमधले फोटो बाहेर काढले. एक फोटो त्यानं काचेला लावला, त्यातल्या कोटातल्या माणसावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोण?

मी म्हटलं, माझे वडील.

काय करतात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काटे दुरुस्त करतात. वजनाचे, पारड्यांचे, नवीन विजेवरचेसुद्धा. त्यानं मान डोलावली आणि फोटो खाली ठेवला. बाबा, त्या फोटोत तुम्ही नव्हतात. कोट तुमचा होता.

आता सगळं सांगते. कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटानं आमच्या डोक्यात भरवलं होतं की दोन्हीकडच्या आईवडिलांसोबतचे फोटो नसतील तर लग्न खोटं ठरवतात. तुम्हाला विचारायची माझी छाती नव्हती. मग तुमचे जावई शेवटचे आले होते तेव्हा त्यांच्या एका मित्राच्या शेजारी राहणारे निवृत्त ग्रंथपाल आम्ही वडील म्हणून उभं राहायला तयार केले. स्वभावानं फार सज्जन माणूस. 'तुमच्या वडिलांना चालणार आहे ना?' असं त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं. कोट आईनं आणला. मी मागितला नव्हता, शपथ. 'ते नाही तर निदान कोट तरी येऊ दे,' असं म्हणून तिनं तो पिशवीतून काढला आणि तिथेच रडली. ग्रंथपाल तुमच्याहून उंच, बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या. आई त्यांच्यापासून इतकं अंतर सोडून उभी राहिली की फोटोग्राफर 'काकू, जरा सरका' म्हणून म्हणून थकला. शेवटी त्यानं मलाच मधे उभं केलं. आईवर रागावू नका. तिनं त्या दिवसापासून कपाटाचा तो खण स्वतः उघडलेला नाही.

व्हिसा मंजूर झाला, असं सांगून त्यांनी मला पावतीसाठी बाजूला थांबवलं. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतल्या मुलीलाही वडिलांबद्दलच विचारलं, ते फोटोत का दिसत नाहीत म्हणून. ती पोरगी बिनदिक्कत म्हणाली, रागावलेत, आले नाहीत. तिथल्या दुभाषी बाईंनी ते सांगितलं, तिथला अधिकारी हसला, आणि दोन मिनिटांत तिचंही काम झालं. बाबा, इतकं सोपं होतं ते! ज्या खोट्यासाठी मी तुमचं नाव दुसऱ्याला देऊन बसले, त्याची कुणाला गरजच नव्हती.

बाहेर आले तर तुम्ही भिंतीवर नव्हतात. फळवाल्याच्या गाडीपाशी उभे होतात, पिशवी काखेत, आणि त्याच्या काट्याची दांडी सरळ करून देत होतात. मी मान हलवून काम झाल्याचं सांगितलं. तुम्ही फोन आणि पिशवी माझ्या हातात दिलीत आणि स्टेशनकडे चालता चालता विचारलंत, 'माझं काही विचारलं का गं?' मी म्हटलं, हो, वडील काय करतात ते विचारलं, मी तुमच्या कामाबद्दल सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता त्यात, आणि सगळं खोटं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाजारात ज्याला त्याला सांगत सुटलात की साहेबानं माझ्या धंद्याची चौकशी केली. दुकानातून येणारा प्रत्येक जण मला ते कौतुकानं सांगतो आणि मला तोंड लपवायला जागा उरत नाही.

हे मी तसंच गिळून निघून गेले असते. पण आज दुपारी एजंटाचा फोन आला की कागदांचा दुसरा संच सोबत न्या. तो संच मंगळवारी त्या पिशवीतच होता, तुमच्या मांडीवर, तीन तास. घरी आल्यापासून पिशवी खुंटीलाच होती, मी हात लावला नव्हता. आज उघडली तर तिच्या बंदाला माझी नेहमीची, ओढली की सुटणारी फुलाची गाठ नव्हती. तुम्ही वजनं तपासणीला पाठवताना पुड्याला मारता तशी दुहेरी गाठ होती, दातांनी सोडवावी लागली. आत फोटो जागच्या जागी होते. एकही फाडलेला नव्हता, चुरगळलेला नव्हता. फक्त ग्रंथपालांच्या फोटोमागे, त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात, एक छोटा फोटो सरकवलेला होता. दुरुस्तीच्या परवान्यासाठी काढून तुम्ही खिशात बाळगता त्यातला. म्हणजे 'माझं काही विचारलं का' हे विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मला खरं बोलता यावं म्हणून तुम्ही वाट करून दिली होतीत, आणि मी ती ओलांडून पुढे गेले. बाबा, मला माफ करा. वकिलातीला खरं कळव असं तुम्ही म्हणालात, तर आजच कळवते. मग शनिवारचं विमान माझ्याविना गेलं तरी चालेल. पण त्याआधी एक मागणं आहे. उद्या सकाळी नऊला, दुकान उघडण्याआधी, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मी वेळ घेतली आहे. आई येणार आहे, आणि या वेळी तिला 'सरका' असं कुणाला म्हणावं लागणार नाही. कोट इस्त्री करून दाराशी टांगला आहे. नाही आलात तर मी रागावणार नाही, तो हक्क काचेपाशी सोडून आले. पण दहा वाजेपर्यंत तिथेच बसून राहीन.

हे नाव तुम्ही अजून माझ्याकडेच ठेवलं आहे असं धरून,

तुमचाच
पासंग