खिडकीतली कार्डं

आसुन्सिओन,
७ ऑगस्ट

प्रिय निमियाताई,

तू बसबरोबर पाठवलेले चिपा पाव पोचले. खोलीतल्या मुलींनी माझ्यासाठी दोनच ठेवले. खोकला बरा आहे.

आमच्या माहितीप्रणालीच्या विषयात झुनिल्दाने आणि मी मिळून तुझ्या इस्पितळातल्या कार्डखोलीचा अभ्यास केला होता ना, त्याच्या कच्च्या वह्या सरांनी परत दिल्या. तिच्या वहीवर लिहिलंय, ‘ही ऐकून घेते.’ माझ्या वहीवर, ‘रेघा सरळ आहेत.’

ताई, राग मानू नकोस. पंधरा दिवस मी प्रश्नावली घेऊन तुझ्या टेबलाशी उभी होते. कार्ड पुढे कसं जातं, विचारलं तर तू म्हणालीस, “रांगेनं. लिहून घ्या, बाई!” कार्डखोलीतल्या सगळ्या हसल्या. झुनिल्दा मात्र तुमच्या गोलात बसली, पाळीपाळीने फिरणाऱ्या पेल्यातून, सगळ्यांच्या त्या एकाच नळीने पाल्यावर गार पाणी ओतून केलेलं तेरेरे प्यायली. (उष्ट्या नळीची मला किळस, तुला माहीतच आहे.) आणि तिला तू खिडकीचं सांगितलंस. गुरुवारची बोट अकराला येते, दोनला परत जाते, म्हणून नदीपलीकडच्या गरोदर बायकांची कार्डं तू बुधवारीच काढून खिडकीत ठेवतेस, म्हणजे त्यांना आधी पुकारता येतं. तिला सांगितलंस. मला नाही. आपल्याकडे शाळा नव्हती तेव्हा अंगणात बसवून मला अक्षरं शिकवलीस तू, आणि तिला ओळखत होतीस जेमतेम दोन आठवडे.

कार्ड कुठून कुठे जातं त्याचा शेवटचा आराखडा स्वच्छ काढायचं काम माझ्याकडे होतं. झुनिल्दाने न बघताच सही केली. म्हणाली, “तू काढलायस ना? मग झालं.”

त्यात खिडकी नव्हती.

राहून गेली नव्हती, ताई. मी गाळली. जे नोंदवहीत नाही ते आराखड्यात नाही, असं स्वतःला समजावलं. सोमवारपासून त्या आराखड्यावरून इस्पितळाच्या संगणकाचं काम सुरू होणार होतं. मग त्या बायकांचं नाव पुकारेपर्यंत बोट सुटली असती. रेघ ओढतानाच मला ते दिसत होतं.

रविवारी झुनिल्दाला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्याशी भांडायचं होतंस की! त्या बायकांवर राग कशाला?” सोमवारी सकाळी सरांना सांगितलं. खिडकी आराखड्यात परत आली, झुनिल्दाच्या नावाने. माझे गुण गेले.

दुपारी वर्गाबाहेर सगळे तेरेरेला बसले. मीही बसले, पहिल्यांदाच. झुनिल्दा ओतत होती. माझी पाळी आली तेव्हा तिने पेला मला ओलांडून पलीकडे दिला. मी उठले नाही. पाणी संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

सुट्टी लागली की गुरुवारी तुझ्याकडे पोचेन. प्रश्नावली आणणार नाही. गोलात माझी पाळी धरायची की नाही, ते तू ठरव.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
दिग्ना